प्लेटोची गुहा, सोसायटीच्या हॉलमधे: कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर, रविवार

गणपती गेले पण मांडवाचे बांबू आणि सुतळी अजून हॉलच्या कोपऱ्यात पडून आहेत, मांडववाला ते घेऊन जायच्या आत आपलं काम उरकायचं असं ठरलंय म्हणून आजपासून नोंदी. पुढेमागे कुणाला असंच काही करून बघायचं असेल तर निदान आमच्या चुका परत करू नका.

काम काय, तर आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, महिन्याला एक साय-फाय पिक्चर ज्याने त्याने आपल्या घरी बघायचा आणि मग एका शनिवारी हॉलमधे बसून त्यावर गप्पा मारायच्या. (पिक्चर हॉलमधेच लावू असं आधी डोक्यात होतं पण ते पब्लिक स्क्रीनिंग होतं, लायसन्स लागतं, तो नाद सोडला.) यंदा ओळीने तीन बघितले, 'मॅट्रिक्स' (१९९९), 'डार्क सिटी' (१९९८), 'ट्रूमन शो' (१९९८), आणि तिन्ही वेळेला कुणीतरी म्हणालंच की हे म्हणजे प्लेटोची गुहा. (प्लेटो हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ, त्याची गोष्ट अशी की लहानपणापासून गुहेत साखळ्यांनी बांधलेले कैदी समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात.) त्याच्यापुढे कुणालाच एक वाक्य सांगता येईना. गुहा, साखळ्या, सावल्या, संपलं. शेवटी मी वैतागून म्हटलं बांधूनच बघू ना, आणि सगळे इतक्या पटकन हो म्हणाले की मागे फिरायची सोय राहिली नाही.

तारीख १९ ऑक्टोबर, शनिवार रात्री. हॉल २४ फूट बाय १४. बजेट दोन हजार. प्लॅन असा की समोरच्या भिंतीवर सावल्या पडणार, भिंतीकडे तोंड करून लोक बसणार, त्यांच्या पाठीमागे कापडाची बुटकी भिंत, तिच्या आड पोरं वस्तू वर धरून बसणार आणि त्या पोरांच्याही मागे दिवा.

चूक नंबर एक इथेच झाली आणि ती मला तीन आठवड्यांनी कळली. मी मूळ मजकूर वाचलाच नाही. एक ॲनिमेशन बघितलं आणि त्यावरून ड्रॉइंग काढलं.

२८ सप्टेंबर, शनिवार

पहिली ट्रायल, पूर्ण फेल.

भिंतीपासून १५ फुटांवर दोन बांबू उभे केले, मधे दोरी, दोरीवर काळं कापड, उंची ४ फूट. त्याच्या एक फूट मागे पोरं. दिवा भिंतीपासून २२ फुटांवर शिडीला बांधला, साडेसात फूट उंच, कारण ॲनिमेशनमधे आग कैद्यांच्या 'वर' दाखवली होती. साडेसहाशे रुपयांचा एलईडी फोकस आणला त्यासाठी.

दिवा लावला, भाचीने पुठ्ठ्याचा घोडा वर धरला, आणि भिंतीवर काहीच नाही. घोडा गेला कुठे? तर मागच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या आमच्या मित्राच्या पाठीवर. पांढरा शर्ट होता म्हणून दिसला तरी. बाकीची सावली जमिनीवर, भिंतीपर्यंत पोचली ती फक्त घोड्याच्या कानाची टोकं, तीही स्कर्टिंगच्या टाइलवर. दिवा उंच आणि वस्तू खाली म्हणजे सावली उताराला लागणार, हे शाळेतल्या पोरालाही कळेल, पण ड्रॉइंग मी वरून काढलं होतं, बाजूने काढलंच नव्हतं. तुम्ही करणार असाल तर बाजूने काढा.

दोन तास गेले.

२९ सप्टेंबर, रविवार

दिवा ५ फुटांवर आणला. आता हिशोब जमतो: दिव्यापासून वस्तू ६ फूट, भिंत २२ फूट, म्हणजे सावली वस्तूच्या पावणेचारपटीच्या आसपास. दीड फुटाचा घोडा भिंतीवर साडेपाच फुटांचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळे ओरडलेच.

पण घोडा कुठला, ढग म्हणा. कडा अशा पुसट की एक जण म्हणाला गाय आहे, एक म्हणाला सोफा. फोकसचा तोंडाचा भाग पाच-सहा इंच रुंद आहे, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून वेगळी सावली पडते आणि सगळ्या मिळून राडा. साधा ९ वॉटचा दुधी बल्ब लावून बघितला, तो अडीच इंचाचा, तरी कडेला सहा-साडेसहा इंचाची धूसर पट्टी. वस्तू भिंतीपासून एवढी लांब असताना दिवा जितका लहान तितकी सावली रेखीव, बाकी सगळं गौण. ब्राइटनेस वाढवून काहीही होत नाही, आम्ही वाढवला, ढग फक्त जास्त उजळ झाला.

साडेसहाशेचा फोकस वाया. दुकानदार परत घेणार नाही म्हणाला.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी होती म्हणून सकाळपासून दिव्याच्या मागे लागलो. सगळ्यात रेखीव सावली कशाने पडली सांगू, मोबाइलच्या टॉर्चने. त्याचा दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा. पण भिंतीपर्यंत पोचेस्तोवर उजेड मरतो. मग २८० रुपयांची मोठी टॉर्च आणली आणि तिची काच आणि आतली चमकती वाटी दोन्ही काढून टाकली, आतला उघडा चिप तेवढा ठेवला. झकास! घोड्याची आयाळ मोजता येते आता.

दोन तोटे. एक, वाटी काढताना चिपखालची पट्टी सैल झाली आणि दहा मिनिटांत एवढी तापली की माझं बोट भाजलं, मग जुन्या कॉम्प्युटरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा तुकडा) मागे बांधला. दुसरा तोटा म्हणजे उघडा चिप डोळ्यांसमोर आला की आंधळं व्हायला होतं. समोर नारिंगी जिलेटीन पेपर लावला (४० रुपये), आगीचा रंगही आला. खरी आग मागितली होती, सेक्रेटरी काकांनी ऐकूनही घेतलं नाही, बरोबरच आहे त्यांचं.

आग फडफडावी म्हणून दिव्यासमोर टेबलफॅनला कागदाच्या पट्ट्या लावल्या. भिंतीवर पट्ट्यांच्याच सावल्या. काढून टाकल्या.

३ ते १२ ऑक्टोबर

नवरात्र. हॉल दांडियाला गेला, आमचे बांबू गच्चीवर. दहा दिवस हॉलमधलं काम बंद.

मधे ६ तारखेला घरी बसून एवढं केलं की प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचं सातवं पुस्तक, म्हणजे सातवा भाग, नेटवरून उतरवलं, जॉवेटचं जुनं इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं. समासात ५१४, ५१५ असे जुन्या आवृत्तीच्या पानांचे आकडे असतात, गुहा ५१४ पासून. मी हावरटासारखं फक्त आगीचं वाक्य शोधलं आणि डोक्याला हात लावला. सॉक्रेटिस (प्लेटोचा गुरू, ग्रंथात बोलणारा तोच) समोरच्या ग्लॉकनला सांगतो की आग वर आहे आणि लांब आहे, आणि आग नि कैदी यांच्या मधला रस्ता, ज्याच्या कडेला ती बुटकी भिंत आहे, तोही उंचावर आहे. म्हणजे गुहा उताराची, सगळंच पायरीपायरीने वर चढत जातं. आम्ही आग तेवढी वर नेली आणि रस्ता जमिनीवर ठेवला. आपल्या सपाट फरशीवर आग खाली आणणं हाच उपाय होता, तो चुकून का होईना पण बरोबर निघाला.

आणि त्या भिंतीला तो उपमा काय देतो, तर कळसूत्री बाहुल्यावाले पुढे पडदा लावतात तशी भिंत. ग्रुपमधे एकीचं माहेर कुडाळचं, ती म्हणाली मग पिंगुळीला विचारा ना. तिथल्या ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), परशुराम गंगावणेंना २०२१ला पद्मश्री मिळाली ती त्याच कलेसाठी. तिने लहानपणी बघितलेलं सांगितलं आणि माझं डोकं लख्ख झालं. तिथे बाहुली पडद्याला जवळजवळ चिकटवून धरतात, दिवा त्यांच्या मागे आणि लोक पडद्याच्या दुसऱ्या बाजूला, त्यामुळं दिवा कसाही असला तरी सावली कोरल्यासारखी. प्लेटोने माणसं मधे बसवलीत, वस्तू भिंतीपासून लांबच राहणार, म्हणजे साध्या शेकोटीने सावली पुसटच पडणार. त्या कैद्यांनी आयुष्यभर ढगच बघितले असतील आणि त्यांनाच नावं दिली असतील. माझं आपलं मत.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज आवाज आणि डोकी.

मागे बसलेली पोरं बोलली की लोक मान वळवून मागे बघतात, खेळ खल्लास. प्लेटोत समोरच्या भिंतीवरून प्रतिध्वनी येतो आणि कैद्यांना वाटतं सावलीच बोलली. आमच्या भिंतीला तेवढा प्रतिध्वनी नाही. ब्लूटूथ स्पीकर भिंतीपाशी ठेवला, पोरं माइकमधे बोलणार. घोडा नाचून थांबला की मग खिंकाळतो! एवढासा उशीर पण लगेच कळतं की काहीतरी फसवाफसवी आहे. शेवटी जुना वायरवाला स्पीकर आणि १५० रुपयांची लांब वायर. आता सावली आणि आवाज एकदम.

डोक्यांचा त्रास मोठा. खुर्च्यांवर बसलेल्यांच्या डोक्यांच्या सावल्या भिंतीवर पावणेचार फुटांपर्यंत चढतात, घोड्याचे पाय सगळे डोक्यांत बुडालेले. थिएटरमधे कुणी प्रोजेक्टरसमोर उभं राहिल्यासारखं. दोन तास खुर्च्या सरकवल्या, मग खुर्च्या काढून सरळ सतरंजी टाकली. जमिनीवर बसलं की डोकी कापडाच्या भिंतीच्या सावलीत लपतात, एकही दिसत नाही. एकदम स्वच्छ पडदा. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शीळ घातली ती चूक. रात्री भाचीचा फोन, बारावीत आहे, तिला मी तो मजकूर पाठवला होता आणि तिने तो नीट वाचला, मामाने वाचला नव्हता. म्हणे, "मामा, तू त्यांच्या सावल्याच काढून टाकल्यास की."

५१५. गुहेची गोष्ट जेमतेम सुरू झालीय. ग्लॉकन म्हणतो काय विचित्र चित्र आणि काय विचित्र कैदी, सॉक्रेटिस म्हणतो आपल्यासारखेच, आणि लगेच पुढच्या वाक्यात विचारतो की या लोकांनी स्वतःचं आणि शेजाऱ्याचं तरी काय बघितलं असेल, समोरच्या भिंतीवर पडलेल्या सावल्यांशिवाय? म्हणजे कैद्यांच्या स्वतःच्या सावल्या पडद्यावर असायलाच हव्यात. ज्याला मी बिघाड समजून दोन तास घालवले ते मूळ ड्रॉइंगमधे होतं.

आणि मग 'मॅट्रिक्स'मधली ती पांढऱ्या मोकळ्या जागेतली गोष्ट आठवली, निओला (मशीनांनी दाखवलेल्या खोट्या जगातून सुटलेला नायक) आपले केस परत आलेले दिसतात, अंगावरची भोकं गेलेली दिसतात, आणि त्याला बाहेर काढणारा मॉर्फियस सांगतो की हे तुझ्या मनातलं तुझंच चित्र आहे. तीन महिन्यांपूर्वी ग्रुपमधे आम्ही त्याला कपड्या-केसांची सोय म्हणून उडवून लावलं होतं. बाहेरचं जग खोटं एवढंच आम्ही धरून बसलो होतो, आपण स्वतःला जे ओळखतो तीही सावलीच, हा भाग डोक्यात शिरलाच नव्हता. खुर्च्या सरकवून सरकवून कंबर धरली तेव्हा शिरला.

सतरंजी गुंडाळली. खुर्च्या परत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. गच्चीवर मसाला दूध आणि झापडं. कैद्यांच्या माना बांधलेल्या असतात, शेजारी दिसता कामा नये, ते कसं करायचं? साखळ्या कुणी घालून घेणार नाही. टांग्याच्या घोड्याला असतात तशी पुठ्ठ्याची झापडं केली, ६० रुपयांचं इलॅस्टिक. पहिल्या दहांचं इलॅस्टिक कानाला काचलं, परत टोप्यांना स्टेपल केली. बारा वाजले, दूध गार.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मुख्य दिवस. बावीस जण आले, आमच्या आठ-दहांखेरीज सोसायटीतल्या दोन आज्या आणि बरीच पोरं.

झापडं लावून बसवलं, लाइट घालवले. पहिल्या पाच मिनिटांत खिदळणं, मग खरोखर शांत झाले. घोडा, तांब्या, छत्री, खेळण्यातला कुत्रा. पुठ्ठ्यापेक्षा खऱ्या वस्तू भारी चालतात, तांब्या फिरवला की त्याचं मडकं होतं, मग नुसता गोळा. मग पैज लावली, पुढे काय येणार ते सांगेल त्याला चॉकलेट. हेही मूळातलंच, गुहेत म्हणे अशांना मान आणि बक्षिसं मिळतात ज्यांना सावल्यांचा क्रम पाठ असतो. एका दहा वर्षांच्या पोराने तिसऱ्या फेरीला क्रम पकडला (घोडा, तांब्या, छत्री, परत घोडा), सात चॉकलेटं घेतली आणि सगळे त्यालाच विचारायला लागले आता काय येणार. बापलोकसुद्धा. मागे बघू या का असं कुणीही विचारलं नाही.

पुढच्या रांगेतल्या आजी मधेच म्हणाल्या, "ती खाली कोपऱ्यातली कोण गं, मघापासून सारखी डुलतेय?" कुणालाच कळेना. मग त्यांनी पदर सावरायला हात वर केला आणि भिंतीवरच्या त्या बाईनेही केला. आजी थांबल्या. हात खाली घेतला, परत हळूच वर नेला. "अगं बाई, मीच की." मग पाच मिनिटं घोड्याकडे कुणी बघितलंच नाही, जो तो आपलं डोकं शोधत होता, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना शेजाऱ्याचंच आपलं वाटलं.

मग सांगितलं, वळा. वळले आणि बावीसच्या बावीस जणांनी डोळ्यांवर हात घेतले. जिलेटीन एक पदरी होतं, दोन पदरी हवं होतं, ही माझी चूक, पण प्लेटोतही सुटलेल्या कैद्याचे डोळे दुखतात आणि तो परत सावल्यांकडे पळू बघतो. एक पोरगी लगेच उलटी फिरून बसली, म्हणाली घोडा तिकडेच छान होता. 'मॅट्रिक्स'मधल्या सायफरला सगळं विसरून परत आत जायचं असतं, त्याला आम्ही सरसकट गद्दार ठरवलं होतं. या पोरीला काय म्हणायचं?

२० ऑक्टोबर, रविवार

(पिक्चर बघितले नसतील तर ही नोंद सोडा, शेवट फोडलेत.)

रात्री गप्पा दीडपर्यंत चालल्या, त्यातलं कामाचं तेवढं. 'मॅट्रिक्स' प्लेटोच्या जवळ आहे, बाहेर आल्यावर निओचेही डोळे दुखतात तिथपर्यंत. 'ट्रूमन शो' साय-फाय आहे का यावर अर्धा तास गेला, तो मोजत नाही, पण जन्मापासून टीव्हीच्या सेटमधेच वाढलेल्या ट्रूमनची होडी रंगवलेल्या आकाशाला जाऊन धडकते आणि तो जिना चढून दारातून बाहेर पडतो तिथे पिक्चर संपतो. प्लेटोचा खडतर भाग तिथून पुढे, बाहेर आधी सावल्या बघ, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचं आकाश, सूर्य सगळ्यात शेवटी. आणि मग परत खाली ये, अंधाराने ठेचकाळ, लोकांनी हसून घे, जमलं तर ते मारून टाकतील.

मला स्वतःला 'डार्क सिटी' सगळ्यात जास्त खटकला आणि म्हणूनच आवडला. तिथे कायम रात्र, मध्यरात्री शहर थांबतं आणि परके लोक इमारती नि आठवणी दोन्ही बदलतात. शेवटी नायक मर्डॉकच्या हातात ती ताकद येते, तो समुद्र तयार करतो, किनारा तयार करतो, शहर सूर्याकडे वळवतो. प्लेटो म्हणतो शिक्षण म्हणजे मान वळवणं, नुसती मानही नाही तर अख्खा जीव उजेडाकडे वळवणं. इथे माणूस होता तसाच, शहर वळलं. आणि तो किनारा तरी कुठला, त्याच्या डोक्यात घातलेल्या खोट्या आठवणीतला! म्हणजे त्याने नवीन सावलीच पाडली ना? एकाला हे अजिबात पटलं नाही, ऊन खरं आहे ना मग बास झालं म्हणतो. भांडण अर्धवट आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आवराआवर. बांबू गेले. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत, सेक्रेटरी काकांनी फोटो काढून ठेवलेत.

खर्च: काळं कापड ८४० (१२ मीटर, ७० प्रमाणे, भिंत आणि खिडक्या), टॉर्च २८०, जिलेटीन ४०, वायर १५०, इलॅस्टिक ६०, चॉकलेटं ३००, आणि वाया गेलेला फोकस ६५०. एकूण २३२०. फोकस घेतला नसता तर बजेटमधे बसलं असतं.

एक गोष्ट आधी सुचली नाही. कापडामागे बसलेली तीन पोरं, भाची धरून, फूटभर उंच स्टुलांवर डोकी खाली घालून तासभर बसली होती, कारण डोकं चार फुटांच्या वर गेलं की भिंतीवर राक्षस दिसतो. (ट्रायलला एक काका सहज डोकवायला आले तेव्हा दिसला होता, हातातल्या पेपरासकट.) काल भाची घरी आली तेव्हा म्हणाली, "मामा, सगळे सांगतायत घोडा भारी होता. आम्हाला तर काहीच दिसलं नाही, समोर नुसतं काळं कापड." मी परत मजकूर काढला. वस्तू वाहून नेणारे कोण, कशासाठी नेतात, त्यांना काय दिसतं, प्लेटो काहीही सांगत नाही, काही बोलतात आणि काही गप्प असतात एवढंच. पिक्चरवाले मात्र तिन्ही वेळेला नेमके तिथेच घुसलेत, कुठे मशीन, कुठे परके, कुठे टीव्हीचा डायरेक्टर.

तिचं म्हणणं, दिवाळीनंतर परत लावा आणि या वेळी आम्ही समोर बसणार, मागे तुम्ही. स्टूल फूटभराचेच आहेत आणि माझे गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे. दोन उशा शिवायला टाकल्यात.